मराठी येत नाही तर दाखला नाही? वाळूज पट्ट्यातल्या एका गावाचे प्रकरण

हे प्रकरण छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक पट्ट्यातल्या एका गावाचे आहे. गावाचे नाव, माणसांची नावे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. या पट्ट्यातल्या कामगार वस्त्यांमध्ये आरोग्य आणि शिक्षणाचे काम करणाऱ्या एका छोट्या गटात मी आहे. परप्रांतीयांनी मराठी शिकलीच पाहिजे असा ठराव गावात येऊ घातला, तेव्हा सरपंचबाईंनी आम्हाला बोलावून घेतले. ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक, आशा ताई यांच्यापुढे हाच प्रश्न कधी ना कधी येतो. त्यांना उपयोगी पडावे म्हणून काय घडले ते इथे मांडले आहे.

पार्श्वभूमी

वाळूजला एमआयडीसी आली, १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि आजूबाजूच्या गावांची शेती हळूहळू प्लॉटांत आणि पत्र्याच्या खोल्यांत गेली. पहिल्या पिढीचे कामगार बीड, जालना, परभणी, हिंगोली, बुलढाण्याहून आले. बोलीत फरक होता, पण भाषा एकच. पुढे कारखान्यांत कायम कामगार कमी होऊन ठेकेदारी वाढली, तसे बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड, ओडिशा आणि बंगालमधले तरुण येऊ लागले. आधी एका खोलीत सहा-सात जण राहायचे. मग काहींनी बायका-लेकरे आणली. आज या गावात निम्म्याहून अधिक घरांचा खर्च खोलीभाड्यावर चालतो, असे घरमालक स्वतःच सांगतात.

दुसऱ्या भाषेसोबत राहणे मराठवाड्याला नवीन नाही. निजामाच्या राज्यात सरकारी कामकाज उर्दूत चालायचे. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. १७ सप्टेंबर १९४८ नंतर ते संपले, तरी जुन्या जमिनीची कागदपत्रे वाचून घ्यायला आजही उर्दू जाणणारा माणूस शोधावा लागतो. २०२३ मध्ये कुणबी नोंदी तपासायला न्यायमूर्ती शिंदे समिती आली, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची किती गरज पडली हे साऱ्या मराठवाड्याने पाहिले. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, नांदेडला गुरुद्वाऱ्याभोवती पंजाबी हे तर रोजचेच आहे. हिंगोलीतल्या नरसीचे नामदेव महाराज पंजाबात गेले आणि तिकडच्या लोकांना कळेल अशा भाषेत रचना केल्या. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत.

या सगळ्यामुळे आपल्याकडे एक सवय पडली आहे. समोरचा बाहेरचा दिसला की आपण लगेच हिंदीवर येतो. किराणा दुकानदार, रिक्षावाला, घरमालक, तलाठी, सगळे. त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही, उलट आपल्याला हिंदी चांगली येते याचा थोडा अभिमानच असतो. पुढे जे घडले त्यात या सवयीचा वाटा मोठा आहे.

भांडण आणि ठराव

२०२५ चा मे महिना. गावात आठवड्यातून दोनदा टँकर. एका सोमवारी टँकरची वेळ आणि गल्ल्यांचा क्रम बदलला. निरोप गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिला. भाडेकरू त्या ग्रुपवर नव्हते आणि पहिल्या पाळीला गेलेल्या माणसाने फळा पाहायचा कधी? ते जुन्या वेळेला ड्रम घेऊन उभे राहिले आणि दुसऱ्या गल्लीच्या पाळीत घुसले असे सगळ्यांना वाटले. शिवीगाळ झाली, भरलेला ड्रम आडवा झाला, दोन पोरांची डोकी फुटली. प्रकरण चौकीत गेले. तिथे एका बाजूने मराठीत आणि दुसऱ्या बाजूने भोजपुरी वळणाच्या हिंदीत आरडाओरडा झाला, आणि बाहेर पडताना गावातल्या एका तरुणाने म्हटले, "इथं राहता, पाणी पिता, तर इथली भाषा शिकायला काय होतं?"

भांडणाचे मूळ भाषेत नव्हते. निरोपच पोचला नव्हता. तो भोजपुरीत लिहिला असता तरी त्या ग्रुपवर पोचला नसता. पण एकदा त्याला भाषेचे नाव मिळाल्यावर सगळ्या जुन्या तक्रारी त्यात जमा झाल्या: उघड्यावर टाकलेला कचरा, रात्री मोठ्याने लावलेली गाणी, अंगणवाडीतली वाढलेली गर्दी. राज्यातली हवाही तापलेलीच होती. १६ एप्रिलला पहिलीपासून हिंदी सक्तीची करणारा शासन निर्णय निघाला होता. विरोध वाढत गेला आणि २९ जूनला सरकारने तो मागे घेतला. मुंबईकडच्या मारहाणीचे व्हिडिओ गावातल्या प्रत्येक मोबाइलवर फिरत होते.

जुलैमध्ये त्या तरुणाने आणि त्याच्या मित्रांनी लेखी मागणी दिली. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव घ्यावा: गावात राहणाऱ्या परप्रांतीयाने एका वर्षात मराठी शिकावी, न शिकल्यास त्याला रहिवासी दाखला देऊ नये आणि घरमालकाने खोली देऊ नये.

या तरुणाबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण बाहेरून पाहणाऱ्यांनी त्याला नुसता भडक माथ्याचा ठरवले. आयटीआय झालेला, तीन ठेकेदारांकडे हेल्पर म्हणून राबलेला आणि प्रत्येक ठिकाणी काही महिन्यांनी 'ब्रेक' म्हणून कामावरून थांबवलेला हा मुलगा. स्थानिकांना ८० टक्के नोकऱ्या देण्याचे राज्याचे धोरण त्याला तोंडपाठ होते. "ठेकेदार गावच्या पोराला घेतच नाही. आम्ही पोळ्याला सुट्टी मागतो, ओव्हरटाइमचा हिशोब विचारतो. बाहेरचा विचारत नाही, कारण त्याला इथं ठेकेदाराशिवाय कोणीच ओळखत नाही." त्याने केलेले हे निदान बरोबर होते. त्यावर सुचवलेला उपाय मात्र त्याच ठेकेदाराचा हात बळकट करणारा होता. दाखला अडला की माणूस दाखल्यासाठी ठेकेदाराकडेच जाणार.

वस्तीत काय दिसले

ग्रामसभेआधी आम्ही, आशा ताई आणि शाळेतले एक गुरुजी असे मिळून खोल्याखोल्यांत फिरलो. मोजदाद करण्यापेक्षा कुणाचे कुठे अडते ते ऐकणे हा हेतू होता.

पुरुषांचे फारसे अडत नव्हते. कारखान्यात हिंदी चालते आणि सुपरवायझरचे मराठी त्यांना कळते. बारा वर्षांपासून इथे असलेला, बिहारमधल्या सिवानकडचा एक प्रेस ऑपरेटर म्हणाला, "मैं मराठी में बोलता हूँ तो सामनेवाला हिंदी में जवाब देता है. दो-तीन बार के बाद मैंने भी छोड़ दिया." नंतर तो आमच्याशी हट्टाने मराठीत बोलला. अडखळत, पण बरे बोलला. बारा वर्षांत कुणी त्याला दहा मिनिटे सलग मराठीत बोलू दिले नव्हते.

बायकांचे चित्र अगदीच वेगळे होते. बऱ्याच जणींना हिंदीसुद्धा धड येत नाही. घरी भोजपुरी, मैथिली, संथाली, ओडिया. बिहारी म्हणजे हिंदी भाषक असे आपण धरून चालतो, पण त्यांच्यातल्या अनेकींसाठी हिंदी ही शाळेची भाषा, आणि शाळा तर चौथीलाच सुटलेली. नवरा बारा तासांच्या शिफ्टला, घरमालकीण वरच्या मजल्यावर, आणि खालच्या ओळीतल्या आठ खोल्यांत एकमेकींचे बोलणे अर्धेमुर्धे समजणाऱ्या बायका.

उपकेंद्रात पाहिलेला एक प्रसंग सविस्तर सांगतो. ओडिशाहून आलेली, सहावा महिना लागलेली एक बाई तपासणीला आली होती. सोबत शेजारच्या बिहारी कुटुंबातला आठ वर्षांचा मुलगा. हा जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीत, मराठी फडाफडा बोलणारा. त्याला थोडी ओडिया येत होती, कारण दोन्ही घरांची पोरे एकाच बोळात खेळतात. सिस्टरांनी रक्तदाब घेतला, पोट पाहिले आणि विचारले, "अंगावरून काही जातंय का?" मुलगा गप्प. सिस्टरांनी पुन्हा विचारले. त्याने त्या बाईकडे पाहिले, मग जमिनीकडे, आणि म्हणाला, "मला नाही विचारता येत." सिस्टर चांगल्या होत्या. त्यांनी मुलाला बाहेर बसवले, खुणांनी आणि कापडाचा तुकडा दाखवून विचारून घेतले. त्या दिवशी काही बिघडले नाही. पण त्या मुलाची शाळा बुडाली होती, आणि त्याच्या आईने सांगितले की बोळातल्या बायकांसाठी तो महिन्यातून चार-पाच वेळा असा जातो.

भाषा येण्या-न येण्याचा प्रश्न या गावात नेमका कुठे आहे, ते मला त्या बाकड्यावर बसून कळले. टँकरच्या रांगेत जोरात बोलणारे त्याला फार थोडे भिडलेले होते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय: ठराव आहे तसा मंजूर करणे. ग्रामसेवकांनी स्वच्छ सांगितले की हा टिकणार नाही. भारताच्या नागरिकाला देशात कुठेही राहण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १९ ने दिला आहे. रहिवासी दाखला माणूस तिथे राहतो एवढेच सांगतो. त्याला भाषेची अट घालण्याचा अधिकार ग्रामसभेला नाही. अनुच्छेद ३५० नुसार तक्रारीचा अर्जसुद्धा संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतो. शिवाय खोल्या रिकाम्या पडल्या तर पहिला फटका घरमालकांनाच, हे कुणी मोठ्याने बोलत नव्हते, पण मनात सगळ्यांच्या होते.

दुसरा पर्याय: विषयच सोडून देणे. हिंदीत भागतेय ना, मग कशाला नवा ताप? काही सदस्य आणि बहुतेक घरमालक याच मताचे होते. मला हा पर्याय पहिल्याइतकाच अन्यायाचा वाटला. हिंदीत भागते ते खोली, बाजार आणि कारखान्यापुरते. ग्रामसभा मराठीत, शाळेतली पालकसभा मराठीत, पोलिसांनी लिहून घेतलेला जबाब मराठीत. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, पण या शाळेत पटावरची पुष्कळ मुले परप्रांतीय असूनही त्यांचा एकही पालक समितीत नव्हता. हिंदीत भागवणारा माणूस गावात वीस वर्षे राहूनही भाडेकरूच राहतो आणि त्याच्या वतीने बोलणारा नेहमी दुसराच कुणीतरी असतो. त्याच्याकडून मराठीची अपेक्षा न ठेवणे म्हणजे तो इथला होईल अशी अपेक्षाच न ठेवणे.

तिसरा पर्याय सुचवणाऱ्यांचे म्हणणे, ठेकेदारांनाच मराठीची अट घालायला लावा. ठेकेदार हो म्हणाले असते आणि कागदावर सगळ्यांना मराठी येते असे लिहूनही दिले असते. हा पर्याय फार वेळ चर्चेत राहिला नाही.

चौथा पर्याय आमच्या गटाने आणि गुरुजींनी मांडला: अपेक्षा ठेवायची, उघडपणे ठेवायची, पण शिकण्याची सोय गावाने करायची आणि हक्काची कोणतीही गोष्ट भाषेपायी अडवायची नाही. यावर पहिली प्रतिक्रिया होती, "म्हणजे पैसे आमचे आणि शिकणार ते?"

निर्णय जिथे फिरला

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. पुष्कळ गावांत ती सह्यांपुरतीच होते. सरपंचबाईंनी या वेळी ती खरीच घ्यायची ठरवली, आणि अंगणवाडीच्या खोलीत, दुपारी, जेणेकरून खोल्यांतल्या बायकांनाही येऊन बसता येईल. मतदार यादीत नाव नसल्याने त्यांना ग्रामसभेत मत नव्हते. ज्यांच्याबद्दल ठराव होता त्यांना त्यात बोलायची सोयच नव्हती. या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय कोणता असे विचारले, तर मी ही सभा खरीच घेण्याचा निर्णय सांगेन.

त्या सभेत मूळ बीडच्या आणि आता गावात पिठाची गिरणी चालवणाऱ्या एक मावशी बोलल्या. दहा-बारा हंगाम त्या ऊसतोडीला बेळगावकडे जात होत्या. "लेकरू तापलं म्हनून दवाखान्यात नेलं. बाई कानडीत इचारायची, मी नुसती मान हलवायची. काय इचारलं, काय लिहून घेतलं, देवाला ठाव. मुकादम येईस्तोवर बसून ऱ्हायले. त्यानं काय सांगितलं तेबी मला कळालं न्हाई." खोलीतल्या परप्रांतीय बायकांना यातले शब्द किती कळले माहीत नाही. गावातल्या बायकांना मात्र पुरते कळले. आपल्याकडची माणसेही दिवाळीनंतर कोयता घेऊन दुसऱ्यांच्या भाषेत जातात, हे तिथे बसलेल्या प्रत्येकीच्या नात्यागोत्यात होते.

त्यानंतर एका काकूंनी वेगळाच मुद्दा काढला. त्यांची नर्सिंग झालेली मुलगी जर्मनीला जायचे म्हणून जर्मन शिकत होती; महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून या भागातल्या बऱ्याच पोरींच्या घरी हा विषय आहे. काकू म्हणाल्या, "माझ्या लेकीला क्लास आहे, पुस्तकं आहेत, परीक्षेची तारीख आहे. तिथले लोक म्हणतात भाषा आलीच पाहिजे, आणि मला ते पटतं. पण आपण ह्यांना म्हणतो शिका, तर कुठं शिकायचं ते कोण सांगू राहिलं?"

जर्मनीचे उदाहरण पुढे ग्रामसभेत आम्ही नीट मांडले. तिथे २००५ पासून नव्याने आलेल्यांसाठी एकात्मीकरण वर्ग आहेत: साधारण ६०० तास भाषा आणि १०० तास त्या देशाची ओळख. अनेकांना ते सक्तीचे आहेत, पण बराचसा खर्च सरकार उचलते. अर्थात देशाबाहेरून येणे आणि सिवानहून वाळूजला येणे यांत फरक आहे. इथे येणारा नागरिकच आहे, त्याच्यावर तशी सक्ती करता येत नाही. तरी मागणी करणाऱ्याने शिकवण्याची जबाबदारी घ्यावी, हा भाग दोन्हीकडे सारखाच लागू पडतो.

१५ ऑगस्टला झालेला ठराव थोडक्यात असा: गावात कायम वस्तीला राहू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने मराठी शिकावी अशी गावाची अपेक्षा आहे. ती शिकवण्याची व्यवस्था गाव करील. दाखला, पाणी, शाळा, अंगणवाडी आणि उपकेंद्र यांतले काहीही भाषेच्या कारणावरून अडवले जाणार नाही. दुकानदार, घरमालक आणि ग्रामपंचायतीचे कर्मचारी नव्याने आलेल्यांशी मराठीत, सावकाश बोलतील. जीवाचा किंवा औषधपाण्याचा प्रश्न असेल तिथे समोरच्याला कळेल त्या भाषेत.

मूळ मागणी करणाऱ्या तरुणाने विरोधात हात वर केला. ज्याला नियम मोडल्यावर काहीच होत नाही तो नियम कसला, असे त्याचे म्हणणे. ते आजही तसेच आहे.

प्रत्यक्ष काय केले

पहिला वर्ग रविवारी संध्याकाळी ग्रामपंचायतीत ठेवला. पहिले काही रविवार चांगली गर्दी झाली, सगळे पुरुष. मग कारखान्यांना दिवाळीआधीच्या ऑर्डरी आल्या, रविवारचा ओव्हरटाइम सुरू झाला आणि वर्ग ओस पडला. बायका एकदाही आल्या नाहीत. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर संध्याकाळी कोण बसलेले असते ते पाहिले की कारण कळते.

मग वर्ग अंगणवाडीत हलवला. दुपारी, मुले घरी गेल्यावर. गिरणीवाल्या मावशी, आशा ताई आणि बारावी झालेली गावातली एक सून अशा तिघी शिकवायला. मुळाक्षरांपासून सुरुवात करायची गुरुजींची इच्छा होती, पण मावशींनी ऐकले नाही. हिंदी शिकलेल्यांना देवनागरी येतेच आणि ओडिया बायकांना लिपी नंतर शिकवता येईल, आधी तोंड उघडू द्या, असे त्यांचे म्हणणे. त्यामुळे धडे गावातल्या जागांवर बेतले: गिरणी, भाजीवाली, अंगणवाडी, उपकेंद्र, घरमालकीण, रिक्षा.

एक धडा पाहिला तो लिहितो. मावशी गिरणीवर बसल्यासारख्या बसल्या. समोरच्या बाईने डबा पुढे करून म्हणायचे, "मावशी, दोन किलो गहू आहे, बारीक दळून द्या." मावशींनी विचारायचे, "कधी पाहिजे?" "संध्याकाळी येते." "पैसे?" "आल्यावर देते." मग भूमिका उलट. एकीने मावशींना उत्तर दिले, "आधीचे बाकी हायेत," आणि सगळ्या खो-खो हसल्या. हे वाक्य कुणी शिकवलेले नव्हते. ती गिरणीवर ऐकून आली होती.

उपकेंद्राच्या धड्यासाठी सिस्टर स्वतः आल्या. कुठे दुखते, कधीपासून, पाळी कधी चुकली, अंगावरून जाते का, बाळ हलते का, गोळी जेवणाआधी की नंतर, एवढेच प्रश्न आणि त्यांची उत्तरे, पुन्हा पुन्हा. लहान मुलाने मोठ्यांच्या तपासणीत दुभाषा व्हायचे नाही, असेही तिथेच ठरले. त्याऐवजी दोन्ही भाषा येणाऱ्या दोन बायकांचे फोन नंबर सिस्टरांकडे ठेवले.

टँकरच्या निरोपासाठी खोल्यांच्या प्रत्येक ओळीतला एक जण व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतला. निरोप मराठीतच जातो, सोबत वेळ आकड्यात. पाण्यावरून पुन्हा मारामारी झालेली नाही.

दुकानदारांचे काम सगळ्यात जड गेले. "गिऱ्हाईक उभं असताना सावकाश मराठी कुठं बोलत बसू," हे त्यांचे उत्तर. काही जण आठवड्यात पुन्हा हिंदीवर आले. भाजीवाल्या बायकांनी मात्र धरून ठेवले, बहुधा त्यांना हिंदीत बोलायचा मुळातच कंटाळा होता म्हणून.

काय साधले, काय राहिले

दुपारच्या वर्गाला नियमित येणाऱ्या बायका सहा-सात महिन्यांत रोजचे व्यवहार मराठीत करू लागल्या. उपकेंद्रात त्या एकट्या येतात, असे सिस्टर सांगतात. शाळा व्यवस्थापन समिती नव्याने झाली तेव्हा त्यांच्यातली एक सदस्य झाली. पहिल्या बैठकीत ती बोलली नाही, दुसऱ्या बैठकीत शौचालयाच्या कडीबद्दल बोलली आणि कडी बसली. दुसरीतल्या त्या मुलाची हजेरी सुधारली.

ओडिया बायका मागेच राहिल्या. वर्गात समजावण्याची मधली भाषा हिंदी होती, त्यामुळे त्यांना दोन भाषा एकदम शिकाव्या लागत होत्या. दोघी-तिघींनी येणे बंद केले.

पुरुषांचा वर्ग पुन्हा उभा राहिला नाही. एकटे राहणारे, आठ-दहा महिन्यांत गाव बदलणारे तरुण यात आलेच नाहीत. मला विचाराल तर त्यांच्याकडून नमस्कार आणि वाट विचारण्यापुरत्या मराठीपलीकडे फार धरू नये. ज्याचे पोर इथल्या शाळेत जाते आणि जो दिवाळीला घरी जाऊन परत इथेच येतो, त्याच्याकडून धरावे. गावाच्या ठरावात 'कायम वस्तीला' हे शब्द होते, पण अमलात हा फरक कुणी केला नाही, आणि चार महिन्यांपूर्वी आलेल्या पोराला दुकानावर 'मराठी बोल' म्हणून टोकल्याच्या दोन तक्रारी आल्या.

सगळ्यात वाईट परिणाम खोल्यांच्या भाड्यात दिसला. काही घरमालकांनी ठरावाचा आधार घेऊन मराठी न येणाऱ्याकडून जास्त डिपॉझिट मागायला सुरुवात केली. "उद्या ग्रामपंचायतीने विचारलं तर?" असे कारण. सरपंचबाईंनी नोटीस लावून ते बंद करायचा प्रयत्न केला. काहींनी थांबवले, काहींनी तोंडी चालू ठेवले. सक्ती नसलेल्या ठरावातूनही ज्याच्या हातात खोलीची किल्ली आहे तो सक्ती निर्माण करू शकतो, याचा विचार मसुदा करताना झाला नव्हता.

पुन्हा करायचे झाल्यास

टँकरच्या भांडणानंतर लगेच निरोपाची व्यवस्था दुरुस्त करायला हवी होती. ते काम ऑगस्टपर्यंत थांबले, आणि त्या अडीच महिन्यांत भाषेचा मुद्दा नको तितका तापला. भाषेचे भांडण समोर आले की आधी त्यातून निरोप, पाणी, कचरा, भाडे वेगळे काढावे. उरेल तेवढाच भाषेचा प्रश्न.

ठरावात घरमालकांसाठी एक ओळ हवी: भाषेवरून भाडे किंवा डिपॉझिट वाढवता येणार नाही, आणि तक्रार कुणाकडे करायची.

ठेकेदारांना बाजूला ठेवायला नको होते. पुरुषांना शिकवायचे तर वेळ शिफ्टमध्येच मिळाला पाहिजे, पगारी. नवीन हेल्परला सुरक्षेची माहिती द्यावीच लागते. त्याच अर्ध्या तासात मशीन थांबवा, हात काढा, वीज बंद करा, कुणाला लागले तर हाक कशी मारायची, एवढी मराठी सहज बसते. एका ठेकेदाराने हे मान्य केले आहे. बाकीच्यांशी बोलताना मागणी करणारा तो तरुण सोबत असावा असे मला वाटते, कारण ओव्हरटाइमचा हिशोब विचारायला भाषा लागते, ही गोष्ट त्याच्याइतकी कुणाला कळलेली नाही. त्याला दोनदा विचारले. अजून त्याने हो म्हटलेले नाही.

शिकवणाऱ्या तिघींना मानधन नव्हते. पहिले सहा महिने उत्साहावर निघाले, पुढे शेतीची कामे आली की वर्ग बुडू लागला. येत्या ग्रामसभेत मानधनाचा विषय ठेवला आहे. ओडिया बायकांसाठी उपकेंद्रातले प्रश्न ओडिया लिपीत आणि मराठी उच्चारात समोरासमोर छापलेले कार्ड तयार करायचे आहे. वस्तीतल्या दहावी झालेल्या एका ओडिया मुलीने लिहून द्यायचे कबूल केले आहे आणि सिस्टर ते तपासणार आहेत.